चार घड्याळं आहेत, तरी हात रिकामाच. पाचवं कोणतं घ्यावं?

पहाटवारा

नमस्कार. मी शाळेत गणित शिकवतो. वर्गात मोबाइल न्यायचा नाही असं स्वतःपुरतं ठरवलं आहे, म्हणून मनगटावर घड्याळ हवंच. पण दीड वर्षात चार घड्याळं जमली आणि आज सकाळी पुन्हा एकही न घालता घराबाहेर पडलो.

पहिलं नोकरी लागली तेव्हा बहिणीने दिलेलं. सोनेरी रंग, पांढरी डायल, तीन काटे, सेलवर चालणारं. वर्षभरापूर्वी बंद पडलं, तेव्हापासून कपाटाच्या खणात आहे. दुसरं मी स्वतः घेतलं. काळी डायल, ४६ मिमी, आत आणखी तीन छोट्या चकत्या. घरी आणल्यावर कळलं की त्या चकत्यांमधले काटे हलतच नाहीत. शिवाय ते शर्टाच्या बाहीत शिरत नाही. तिसरंही काळ्याच डायलचं, स्टीलचं समजून घेतलं. सहा-सात महिन्यांत पट्ट्याच्या बाजूची चकाकी उडाली आणि खालून पिवळट धातू दिसायला लागला. चौथं जुनं ऑटोमॅटिक, ओळखीच्या एका गृहस्थांकडून घेतलेलं. ते मला मनापासून आवडतं, पण शुक्रवारी संध्याकाळी सहाला काढून ठेवलं की सोमवारी सकाळी सातला हमखास बंद असतं. बिघडलेलं घड्याळ गळ्यात पडलं की काय, अशी शंका येते.

मनगटाचा घेर १५.५ सेमी. मनात २०० मीटरचं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांचं घड्याळ, घ्यायचं आहे. मी पोहायला जात नाही, पण ते दणकट असेल असं वाटतं. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, घ्यावं की ऑटोमॅटिक? आणि हळूहळू परवडतील अशी पाच-सहा चांगली घड्याळं जमवायची इच्छा आहे. महागड्या घड्याळांचा विचारच नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

रात्रपाळी

चारही घड्याळांबद्दल तू इतकं नीट लिहिलं आहेस की बरंचसं उत्तर त्यातच आहे. जरा सविस्तर लिहिते.

मी ३१ वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली. घड्याळांची ओढ तिथेच लागली. नाडी नियमित असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करायची, अनियमित वाटली तर पूर्ण मिनिट मोजायचं. त्यासाठी सेकंदकाटा लांब हवा, त्याचं टोक मिनिटांच्या खुणांना टेकायला हवं, आणि पेशंटची झोप न मोडता, मंद दिव्यात तो दिसायला हवा. माझ्या एका सहकारी सिस्टरकडे फार सुंदर घड्याळ होतं, गडद डायल आणि गडदच काटे. रात्री दोन वाजता ती माझं मागून न्यायची. हात वारंवार धुवावे लागत म्हणून काही वॉर्डांत आम्ही मनगटी घड्याळ काढून ॲप्रनला फॉब घड्याळ लावत असू. ते उलटं लटकतं, बाराची खूण खाली, त्यामुळे आपण मान खाली घातली की आपल्याला सरळ दिसतं. बघ, कामाने घड्याळाची दिशासुद्धा ठरवली. काही जुन्या डॉक्टरी घड्याळांच्या कडेने नाडीचे आकडे छापलेले असतात. काटा सुरू करायचा, १५ किंवा ३० ठोके मोजायचे, थांबवायचा. काटा जिथे असेल तो आकडा म्हणजे मिनिटाची नाडी. असं एक घड्याळ माझ्याकडे आहे आणि ते मी कुणालाही देणार नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुझ्या दिवसाबद्दल आहे. फळ्यावर लिहिता लिहिता, हात वर असताना, एका नजरेत वेळ कळायला हवी ना? खडूची पूड, दिवसातून चार वेळा हात धुणं, बाही. परीक्षेच्या वेळी तू हॉलवर असशील तेव्हा शांतता असते, आणि काही क्वार्ट्झ घड्याळांची टिकटिक पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाते. हे सगळं कागदावर उतरव. तुझी दुसरं आणि तिसरं ही दोन्ही घड्याळं काळ्या डायलची, चमकदार आणि भारदस्त आहेत. म्हणजे तू एकच घड्याळ दोनदा घेतलंस. नवीन माणूस बहुतेक वेळा हेच करतो, कारण दुकानातल्या उजेडात आपल्याला प्रत्येक वेळी तेच आवडतं.

आता चौथं. ते बिघडलेलं नाही! ऑटोमॅटिकमध्ये हाताच्या हालचालीने फिरणारं एक वजन असतं, ते मुख्य स्प्रिंगला पीळ देतं. पीळ पूर्ण भरला तरी या वर्गातली बरीच मशीनं ४० तासांच्या आसपास चालतात. शुक्रवारी सहा ते सोमवारी सात म्हणजे ६१ तास होतात. ते रविवारी कधीतरी थांबणारच. मागच्या झाकणावर कोणता क्रमांक आहे ते बघ. सेइकोचं ७एस२६ असेल तर त्याला बाजूच्या चावीने पीळ देता येत नाही आणि ती चावी ओढल्यावर सेकंदकाटाही थांबत नाही, ती त्या मशीनची रचनाच आहे. आडवं धरून अर्धा मिनिट हलकेच डुलवायचं, वेळ लावायची आणि हातात घालायचं. ४आर३६ असेल तर चावीही देता येते आणि काटाही थांबतो. एक पथ्य दोघांनाही: रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख चावीने बदलू नकोस. त्या वेळात तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, दात मोडू शकतो. थांबलेलं घड्याळ हातात घेतलंस तर आधी काटे सहाच्या आसपास आणायचे, मग तारीख.

तिसऱ्याचं झाकण वाच. त्यावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं असेल तर स्टील फक्त झाकणाला आहे. बाकीची केस पितळेची किंवा दुसऱ्या मिश्रधातूची, वर मुलामा. घामाने तो आधी कडेला उडतो, तुझा उडाला तसाच. पूर्ण स्टीलची केस असेल तर बहुतेक जण तसं स्पष्ट लिहितात. घेण्याआधी घड्याळ पालथं करून वाचायची सवय लाव, डायलपेक्षा पाठ जास्त सांगते.

दुसऱ्याची चूक मापाची आहे. सगळे केसचा व्यास विचारतात, पण मनगटावर बसतं की नाही हे वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतच्या लांबीवर ठरतं. लग म्हणजे पट्टा जिथे अडकतो ते केसचे पाय. तुझ्या मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीने मोज, पाच सेंटीमीटरच्या आसपास भरेल. लगची टोकं त्याच्या बाहेर गेली की घड्याळ पुलासारखं अधांतरी राहतं आणि दिवसभर फिरत बसतं. तुला ३६ ते ३८ मिमी शोभेल. माझं मनगट १४ सेमी आहे आणि माझं सर्वांत मोठं घड्याळ ३७ मिमीचं आहे.

पहिल्याबद्दल मला काळजी वाटते. त्यातला सेल काढलास का? संपलेला सेल आत राहिला की कधीतरी पाझरतो आणि तो पाझर मशीन खातो. बाकीचं सगळं नंतर कर, आधी ते उघडून घे.

डायव्हरविषयी. ३० मीटर म्हणजे ३० मीटर खोल जायचं नव्हे. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. व्यवहारात हात धुताना शिंतोडे चालतील एवढाच अर्थ. तुला ५० मीटर पुरेल, १०० असेल तर निर्धास्त. खऱ्या डायव्हरसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळं मानक आहे, आणि त्या घड्याळांची जाडीही तशीच असते. तुझी तक्रार तर बाहीचीच आहे. कोणत्याही घड्याळाला गरम पाण्याची वाफ आणि साबण मात्र दाखवू नकोस, रबरी वायसर त्याने लवकर खराब होतो. डायव्हर घ्यायची हौस पुढे कधी फेडायची झालीच तर व्होस्तोक ॲम्फिबिया हे रशियन घड्याळ जरूर हातात घेऊन बघ. १९६७ पासूनचं, २०० मीटरचं. दाब वाढला की झाकण आतल्या रबरावर आणखी घट्ट बसावं अशी त्याची रचना आहे. चावीचे आटे सोडवले की ती लुळी पडते आणि नवखा माणूस घाबरतो. तीही मुद्दाम केलेली योजना आहे, चावीला धक्का बसला तरी तो आतल्या दांड्यापर्यंत पोचू नये म्हणून. साध्या घड्याळात इतका विचार पाहिला की मला फार आनंद होतो.

क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक? शाळेसाठी क्वार्ट्झ. तू गणिताचा आहेस म्हणून सांगते: आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. २ चा १५ वा घात. तो आकडा १५ वेळा अर्धा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. साध्या क्वार्ट्झची चूक महिन्याला १५-२० सेकंदांची. परवडणाऱ्या ऑटोमॅटिकची दिवसाची छापील मर्यादाच साधारण उणे २० ते अधिक ४० सेकंद असते. पण त्या चुकीतच मला खरी गंमत वाटते, आणि जमवण्याबद्दल जे सांगायचं आहे ते इथे येतं.

माझ्याकडे रेघांची एक वही आहे. रोज सकाळी सात वाजता घड्याळ फोनच्या वेळेशी ताडते आणि किती सेकंद पुढे किंवा मागे ते लिहिते. तारीख, फरक, आणि रात्री घड्याळ कसं ठेवलं होतं ते. वॉर्डात तापाचा तक्ता ठेवतो तसा. माझं एक ऑटोमॅटिक दिवसभर हातात ११ सेकंद पुढे जातं. रात्री डायल वर करून ठेवलं तर आणखी ४ सेकंद पुढे. पण चावी वर करून उभं ठेवलं तर ७-८ सेकंद मागे येतं. म्हणजे आठवड्याला १०५ सेकंद पुढे जाणारं घड्याळ, कुणी हातही न लावता, २५ सेकंदांवर आलं. एकदा वहीत एका दिवसात चार मिनिटांची उडी दिसली. आदल्या दिवशी ते घड्याळ पर्समध्ये ठेवलं होतं, पर्सच्या झाकणाला चुंबकाचं बटण. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने भारावली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, चालती लांबी कमी होते आणि ठोके भराभर पडतात. घड्याळजींनी यंत्रावर धरून काही सेकंदांत ते उतरवलं. वही नसती तर मी ते दुरुस्तीला उघडायला लावलं असतं.

माझा नियम असा आहे की एका घड्याळाची तीस दिवसांची नोंद झाल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. बावीस वर्षांत माझ्याकडे अकरा घड्याळं झाली आणि अकराही चालतात.

भिंग

ताईंनी सेलचं लिहिलं ते अगदी बरोबर. मी घड्याळं दुरुस्त करतो, रोज असं एक तरी टेबलावर येतं. थोडी भर घालतो.

सेल बदलताना आत काय घातलं जातंय ते विचारा. तीन काट्यांच्या पुष्कळ घड्याळांत ६२६ मापाचा सेल असतो, ६.८ मिमी व्यास आणि २.६ मिमी जाडी. त्याच मापात दोन प्रकार मिळतात. एसआर६२६एसडब्ल्यू, ज्यावर ३७७ असंही लिहितात, तो सिल्व्हर ऑक्साइडचा. १.५५ व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास स्थिर देतो. एलआर६२६ किंवा एजी४ हा अल्कलाइन. त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि पाझरण्याची भीतीही जास्त. दोन्ही खाचेत सारखेच बसतात, म्हणून गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. घड्याळाला नेहमी एसआर घाला. आणखी एक, सेकंदकाटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर घड्याळ बिघडलं असं समजू नका. अनेक क्वार्ट्झ मशीनं सेल संपत आल्याची ती खूण देतात.

सरांच्या बहिणीच्या घड्याळात मशीन गेलं असलं तरी जीव थोडा करू नका. अशा घड्याळांत मियोटा २०३५ सारखं मशीन निघण्याची शक्यता बरीच असते. मियोटा म्हणजे सिटिझनच्याच घरातलं. ते अख्खं बदलतात. डायल, काटे, केस तीच राहते. दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि भेटीचं घड्याळ भेटीचंच राहतं. झाकण घरी चाकूने उघडू नका. चाकू घसरला तर केसला ओरखडा, किंवा आतल्या कॉइलची तार तुटते. केसापेक्षा बारीक तार असते ती, तुटली की खेळ संपला.

जमवायचंच असेल तर घेण्याआधी एक बघा: ते उघडतं का? स्वॉच १९८३ मध्ये आलं तेव्हा त्यात फक्त ५१ भाग होते आणि मशीन प्लॅस्टिकच्या केसमध्येच बांधलेलं होतं, त्याला निघणारं झाकणच नव्हतं. रचना म्हणून मी त्याला सलाम करतो. पण त्याच्या आत बिघाड झाला तर माझ्यासारख्याला करण्यासारखं काही नाही. सेल बदलता येतो, बस. हे माहीत असून घेतलं तर हरकत नाही.

काचेबद्दल थोडक्यात: ॲक्रिलिक लवकर ओरखडते पण घासून पुन्हा चकचकीत होते. मिनरल काच त्यापेक्षा टणक, पण तिचा ओरखडा घासून जात नाही, काच बदलावी लागते. सफायर सहसा ओरखडत नाही, जोरात आपटली तर फुटते. वर्गात फळ्याच्या कडेला, बाकाला हात लागणारच. मिनरल घ्या आणि विसरून जा.

निळी तबकडी

रात्रपाळी ताई, तुमचं लिहिणं वाचून आनंद झाला, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. प्रत्येक घड्याळाला काम असायलाच हवं का? माझ्याकडे २७ आहेत, त्यातली १९ निळ्या डायलची. एका निळ्यात सूर्यकिरणांसारख्या रेषा आहेत, हात फिरवला की उजेड डायलवर गोल धावतो. दुसरा निळा अगदी शाईसारखा, घरात काळाच वाटतो, उन्हात उजळतो. मी ते संध्याकाळी अर्धा तास नुसते बघत बसतो. सगळी साधी घड्याळं आहेत. हौस हेही कारण पुरेसं आहे असं मला वाटतं.

सरांना एक सावधगिरी सांगतो. जुन्या चावीच्या घड्याळांकडे वळलात, आणि वळालच, तर चकचकीत डायलला भुलू नका. मी सुरुवातीला घेतलेल्या सहांपैकी चार घड्याळांच्या डायल पुन्हा रंगवलेल्या निघाल्या. आता भिंगातून बघतो. नावाची अक्षरं जाड, कडा फुटलेल्या. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. डायल कोरी करकरीत आणि काटे मात्र डागाळलेले. एचएमटी सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला लागली ती १९६१ पासून. इतक्या वर्षांच्या चावीच्या 'जनता'ची डायल जर पोपटी, केशरी, जांभळी अशी लखलखीत दिसली तर आधी शंका घ्या. विकणारा रंगवलेली आहे असं सांगून विकत असेल तर वेगळी गोष्ट. पिवळसर पडलेली, डाग असलेली मूळ डायल मला आता जास्त प्रिय वाटते.

चालू मॉडेलमध्ये सेइको ५ वर प्रेम करा. हे नाव १९६३ चं. आपोआप पीळ, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून संरक्षण, चारच्या जागी आत बसवलेली चावी, टिकाऊ केस आणि पट्टा, हे ते पाच गुण. चावी चारच्या जागी असल्यामुळे मनगट वाकवलं की हाताला टोचत नाही. फळ्यावर लिहिणाऱ्याला याचं मोल कळेल.

रात्रपाळी

निळी तबकडी, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. संध्याकाळचा अर्धा तास हेही कामच झालं. तुमची एकोणीसही निळी तुम्हाला वेगवेगळी दिसतात, तेवढं बघणं झालं असेल तर वहीची गरज नाही.

जुन्या घड्याळांवरून एक मात्र सांगितलंच पाहिजे. फार जुन्या, साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या चमकणाऱ्या डायलमध्ये रेडियम असू शकतं. चमक कधीच विझलेली असते, कारण त्यातलं चमकणारं द्रव्य झिजतं. पण रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे, ते तसंच असतं. तपकिरी पडलेला, भुगा होणारा चमक-रंग दिसला तर घरी घड्याळ उघडू नका, तो भुगा श्वासातून आत जाऊ देऊ नका. ज्या मुली कारखान्यात या डायल रंगवायच्या, त्या ब्रशला ओठांनी टोक करायच्या आणि त्यातल्या कित्येकींचे जबडे झिजून गेले. नर्सिंग शिकताना ते वाचलं होतं, अजून विसरता येत नाही. आताच्या घड्याळांत ही भीती नाही. त्यात वापरतात ते द्रव्य उजेड शोषून घेतं आणि अंधारात काही तास सोडतं. रात्रपाळीला निघताना मी घड्याळ मिनिटभर दिव्याखाली धरायची ते याचसाठी.

आणि सर, कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू विसरू नका. १९८९ पासून आहे, वजन २१ ग्रॅम, एक सेल साधारण सात वर्षं. ड्युटी संपल्यावर मी हातात तेच घालून झोपायची, हात डोक्याखाली घेतला तरी टोचत नसे. दिवा अगदीच मंद आहे, पण दोन वाजता उठून औषधाची वेळ बघायला तेवढा पुरतो, डोळे दिपत नाहीत.

पहाटवारा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, मुद्दाम थांबलो होतो.

बहिणीचं घड्याळ दुसऱ्याच दिवशी उघडून घेतलं. आतला सेल एजी४, कडेला पांढरा थर आणि एका बाजूला हिरवट डाग. भिंग, तुम्ही म्हणालात तसंच मियोटाचं २०३५ होतं, ते बदलावं लागलं. मी समोर बसून पाहिलं. काटे काढून डायल उचलली तेव्हा मागच्या बाजूला धुळीचा कणही नव्हता, फार बरं वाटलं. नवा सेल एसआर आहे, स्वतः वाचून घेतला. बहिणीला फोटो पाठवला, ती म्हणाली, "मला वाटलं तुला आवडलं नसेल म्हणून तू घालत नाहीस." केस मोजली, ३६ मिमी. लगपासून लगपर्यंत ४३. मनगटाचा सपाट भाग ५१ भरला. म्हणजे योग्य मापाचं घड्याळ पहिल्या दिवसापासून खणात होतं. गेले तीन आठवडे रोज तेच घालून शाळेत जातो. पट्टा फक्त बदलायचा आहे, जुना तडकला आहे.

ऑटोमॅटिकच्या पाठीवर ७एस२६ असंच आहे. आता ते शनिवार-रविवारी घालतो. काढून ठेवायचं ते सोमवारी सकाळीच, त्यामुळे थांबतं तेव्हा मला माहीत असतं. वही सुरू केली आहे. हातात असताना दिवसाला ९ सेकंद मागे पडतं, आणि रात्री डायल वर ठेवलं तर सकाळपर्यंत आणखी २ सेकंद मागे. बाकी स्थिती अजून करून पाहायच्या आहेत. ४६ मिमीचं एका सहकाऱ्याला दिलं, त्याचा हात मोठा आहे आणि त्याला ते शोभतं. चकत्यांचे काटे हलत नाहीत हे आधीच सांगितलं.

पाचवं घेतलेलं नाही. ताई, दोन प्रश्न: पट्टा कोणत्या मापाचा घ्यावा? आणि माझं मागे पडतंय, तर रात्री कसं ठेवू?

रात्रपाळी

बहिणीला फोटो पाठवलास हे फार चांगलं केलंस.

पट्ट्यासाठी दोन लगच्या मधलं अंतर आतून मोज. ३६ मिमीच्या केसला ते बहुधा १८ भरेल, पण अंदाजाने घेऊ नकोस. एक मिमी जास्त असेल तर चामडं चुरमडतं, कमी असेल तर पिन दिसत राहते. पट्टा बदलताना पिनाही नव्या टाक, जुनी पिन घामाने गंजते आणि घड्याळ एक दिवस हातातून सुटून पडतं. कापडी पट्टा घेतलास तर खडूची पूड धुऊन जाते. चामड्याला ती बसते, मग सणासुदीचं चामडं वेगळं ठेव.

मागे पडणाऱ्या घड्याळाला रात्री पुढे जाणारी बाजू शोधायची. डायल खाली करून दोन रात्री, चावी वर करून दोन रात्री, चावी खाली करून दोन रात्री. रोज सकाळी एकाच वेळी ताड, आणि पीळ भरलेला असताना ताड, उतरत्या पिळाला आकडे फसवे येतात. त्यासाठी हा एक आठवडा ते रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर झोपेपर्यंत हातात घाल. ९ सेकंद म्हणजे मर्यादेतच आहे, उघडायची काही गरज नाही. सहाही रात्रींचे आकडे इथे लिही, मला ते माझ्या वहीत माझ्या आकड्यांशेजारी मांडून बघायचे आहेत.